तबकडी ऐकून झाली. आता सांगाल काय?

माझ्याकडे आलेल्या पहिल्या खासगी कॅसेटबद्दल (कुणीतरी गाण्याच्या बैठकीत मुद्रित केलेल्या) मी एका ज्येष्ठ संग्राहकांना उत्साहानं पत्र लिहिलं होतं. ‘अप्रतिम! ऐकताना भान हरपलं. वर्णन करायला शब्दच नाहीत.’ आठ-दहा दिवसांनी त्यांचं पोस्टकार्ड आलं. पत्ता सोडला तर त्यावर एकच शब्द होता: ‘कुठे?’

मला राग आला. एवढं मनापासून लिहिलं आणि हे काय उत्तर? पण रागारागानं का होईना, कॅसेट पुन्हा लावली आणि भान नेमकं कुठे हरपलं ते शोधायला बसलो. दीड तासात अशा जागा दोनच निघाल्या. त्यातली एक गायकाची नव्हती, तबलजीची होती. मधला बराच भाग मी ऐकलाच नव्हता, नुसता त्या सुरात बसून होतो.

नव्यानं जुनी ध्वनिमुद्रणं गोळा करू लागलेल्यांसाठी हे लिहितो आहे. तबकड्या कुठे मिळतात, कशा धुवायच्या, हे सांगणारे पुष्कळ भेटतील. ऐकलेलं दुसऱ्या संग्राहकाला कसं सांगायचं, हे मात्र कुणी शिकवत नाही. ज्याचं सांगणं उपयोगी पडतं त्याच्याकडे लोक आपणहून वस्तू पाठवतात, म्हणून ते शिकून घेण्यात थोडा स्वार्थही आहे.

सुरुवात तीन मिनिटांपासून

नवा माणूस हटकून तीन तासांच्या मैफलीपासून सुरुवात करतो आणि अर्ध्यात हरवतो. त्यापेक्षा मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या लाखेच्या तबकडीवरचं गाणं घ्या. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला साधारण तीन मिनिटं, बारा इंचीला चारच्या पुढे. तबकडी हाताशी नसेल तर तिच्यावरून उतरवलेली प्रत चालेल.

द. वि. पलुसकरांचा श्री राग, ‘हरि के चरण कमल’. अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतली ‘पिया बिन नाहीं आवत चैन’. केसरबाई केरकरांची भैरवी, ‘जात कहाँ हो’. ही तीन माझ्या मते शिकाऊ कानासाठी उत्तम, कारण तिन्हींचा स्वभाव इतका वेगळा आहे की एकाबद्दल लिहिलेलं वाक्य दुसऱ्याला चिकटवता येत नाही. तसं चिकटत असेल तर वाक्य पोकळ आहे. ही कसोटी मी अजूनही लावतो.

(केसरबाईंची ती साडेतीन मिनिटं १९७७ साली व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीतून अंतराळात गेली. त्याच सप्टेंबरात बाई गेल्या. तिकडे कुणी ऐकून काय अभिप्राय कळवायचा तो कळवो. आपल्याला निदान मराठीत सांगायचं आहे.)

गाण्याआधी प्रतीबद्दल सांगा

अभिप्रायाची पहिली ओळ गाण्याबद्दल नसते. ‘मी नेमकं काय ऐकलं’ याबद्दल असते. एकच गाणं मूळ तबकडीवर असतं, पुढे एलपीवर, म्हणजे जास्त वेळ वाजणाऱ्या तबकडीवर येतं, मग कॅसेटवर, मग सीडीवर. कुठे सुरुवातीचा तंबोरा कापलेला असतो, कुठे खरखर काढताना आवाजाची धारही गेलेली असते, कुठे कुणा हौशी माणसानं मुद्दाम घुमारा घातलेला असतो. तुम्ही म्हणता ‘आवाज कोंदट वाटला’ आणि समोरच्याकडे मूळ प्रत असते. मग दोघं तासभर भांडतात आणि भांडण गाण्याबद्दल नसतंच.

तबकडी असेल तर लेबलवरचं कंपनीचं नाव आणि क्रमांक लिहा. लेबलाभोवतीच्या खाचा नसलेल्या गुळगुळीत पट्टीत तिरपं धरलं की कोरलेला आणखी एक क्रमांक दिसतो, तोही लिहा. हा मूळ साच्याचा क्रमांक; लेबल बदललं तरी तो बहुधा तोच राहतो, त्यामुळे ओळख पटवायला त्याच्यासारखा साक्षीदार नाही. एलपी असेल तर क्रमांक पाकिटावर आणि तबकडीवर, दोन्हीकडे पाहा. जुन्या बाजारातून आलेल्या मालात पाकीट एकाचं आणि तबकडी दुसऱ्याची, असा संसार नेहमी दिसतो. अमीर खाँसाहेबांच्या मारवा-दरबारीच्या एलपीबद्दल बोलताना जुने लोक राग न सांगता सरळ ‘बारा-त्रेपन्न’ म्हणतात, कारण तिचा क्रमांक ईएएलपी १२५३. सुरुवातीला हे रेल्वेच्या वेळापत्रकासारखं वाटतं. वर्षभरात तुम्हीही तेच करता.

क्रमांकांची ही आवड पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. मुंबईत १९९० साली ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ स्थापन झाली आणि तिचं ‘द रेकॉर्ड न्यूज’ हे नियतकालिक निघू लागलं. त्याचे जुने अंक हाती आले तर जरूर चाळा. कुठल्या कलावंताच्या कुठल्या तबकड्या निघाल्या याच्या याद्या वाचताना आपल्या हातातल्या फुटक्या तबकडीचं मोल एकदम कळतं.

खासगी प्रत असेल तर माहिती असेल तेवढीच द्या. ‘कॅसेट, बहुधा स्पूलवरून उतरवलेली, मिरजेकडून आली’ एवढं पुरतं. गाव, साल, तबल्यावर कोण हे अंदाजानं ठोकून देऊ नका. एकदा कुणी ‘१९५८, पुणे’ लिहिलं की पुढचे दहा जण तेच उतरवतात आणि चुकीला जन्मदाखला मिळतो. अंदाज करायचाच असेल तर कशावरून ते सांगा. उदाहरणार्थ, आकाशवाणीवर १९४० ते १९७१ पेटीला बंदी होती. त्यामुळे ‘रेडिओचं मुद्रण’ म्हणून आलेल्या ख्यालात पेटी स्वच्छ वाजत असेल, तर ते रेडिओचं आहे का किंवा १९७१ आधीचं आहे का, अशी शंका घ्यायला जागा आहे. शंकेला शंकाच म्हणायचं.

यंत्राला काय जमत नव्हतं

भारतात पहिलं व्यापारी ध्वनिमुद्रण १९०२ च्या नोव्हेंबरात कलकत्त्यात झालं, फ्रेड गैसबर्ग या तंत्रज्ञानं केलं. त्या काळची गायिका गौहरजान गाणं संपताना आपलं नाव इंग्रजीत पुकारते ते नव्या श्रोत्याला गमतीचं वाटतं. त्यामागे साधी सोय होती: साचे जर्मनीत हॅनोव्हरला जात, तिथे तबकड्या निघत आणि तिथल्या माणसाला कुणाचं गाणं ते कळायला हवं. कलकत्त्यात कारखाना निघाला तो १९०८ साली.

त्या काळात माइक नव्हता. कलावंत एका मोठ्या कर्ण्यात तोंड घालून गात असे आणि त्या आवाजाच्या जोरावरच मेणावर रेघ उमटे. विजेवर चालणारं ध्वनिमुद्रण १९२५ नंतर आलं. त्याआधीच्या तबकडीवर तंबोरा ऐकू येत नाही, तबला डब्यावर वाजल्यासारखा वाटतो, आणि गायक ओरडतोय असं वाटतं, कारण त्याला तसं गावंच लागत होतं. अशा तबकडीबद्दल ‘आवाजात गोलाई नाही’ असं लिहिलंत, तर जाणकार हसेल. गोलाई तबकडीत मावली नाही, एवढंच म्हणता येतं.

आणि गतीचं प्रकरण तर प्रत्येकानं एकदा तरी फसून शिकावं असं आहे. ‘७८’ हा आकडा पुढे पक्का झाला. जुन्या तबकड्या कधी त्याहून कमी, कधी जास्त फेऱ्यांवर मुद्रित होत. ७८ च्या ठिकाणी ७४ फेऱ्या धरल्या तर सूर पेटीवर जवळजवळ एक पट्टी उतरतो. चार फेऱ्यांत काळी एकची (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीची) पांढरी एक! म्हणून ‘खाँसाहेब काय उंच सुरात गात!’ असं लिहिण्याआधी तबकडी कितीवर फिरतेय ते बघा.

आणखी एक. लाखेच्या तबकडीची खाच रुंद, एलपीची अरुंद. एलपीची सुई ७८ वर लावली की ती खाचेच्या तळाशी घासत जाते आणि खरखरच जास्त ऐकू येते. त्या खरखरीवरून प्रतीची अवस्था ठरवू नका.

तीनदा ऐका, तिसऱ्यांदा घड्याळ घेऊन

पहिल्यांदा काहीही लिहायचं नाही. फोन लांब. दिवसाची वेळ जमली तर पाहा. श्री संध्याकाळी ऐकला तर तो आपल्यालाही थोडा मदत करतो. दुसऱ्यांदा कागद घ्या आणि ज्या क्षणी अंगावर काही होईल, मान हलेल, कंटाळा येईल, तिथे फक्त खूण करा. कंटाळ्याचीही खूण करा, ती लाज वाटण्यासारखी गोष्ट नाही. तिसऱ्यांदा त्या खुणांपाशी मिनिट आणि सेकंद लिहा.

मिनिट-सेकंद लिहिण्याची सवय लागली की अर्धं काम झालं. ‘मध्ये एके ठिकाणी निषादावर फार सुंदर थांबतात’ हे वाचून कुणालाही काही करता येत नाही. ‘७.४० ला निषादावर थांबतात’ म्हटलं की दुसरा माणूस सात-चाळीसला जाऊन बसतो, ऐकतो, आणि तुम्हाला सांगतो की तो निषाद नाही, धैवत आहे. मग तुम्ही काहीतरी शिकता. माझं रागाचं जे काही ज्ञान आहे त्यातलं निम्मं असंच, माझ्या चुकलेल्या मिनिटांवर लोकांनी बोट ठेवल्यामुळे आलेलं आहे.

लयही घड्याळानं मोजता येते. ‘फार संथ’, ‘चढी लय’ हे शब्द ज्याचे त्याचे असतात. माझ्या संथला आमच्या घरात कुणी ‘झोप’ म्हणतं. विलंबित, म्हणजे संथ लयीच्या, ख्यालात गायक आणि तबला जिथे एकत्र उतरतात, मुखड्याचं (बंदिशीच्या सुरुवातीच्या ओळीचं) ठरावीक अक्षर जिथे दर खेपेला पडतं, ती सम. एका समेपासून पुढच्या समेपर्यंतचे सेकंद मोजा. बारा मात्रांच्या एकतालाला अठ्ठेचाळीस सेकंद लागले तर एक मात्रा चार सेकंदांची झाली. अमीर खाँसाहेबांचा तो मारवा झुमऱ्यात आहे, चौदा मात्रांचा. पहिल्यांदा मोजायला बसाल तेव्हा सम येणार की नाही अशी धाकधूक होईल. येते. आणि सुरुवातीचं आणि वीस मिनिटांनंतरचं आवर्तन मोजून दोन्ही आकडे लिहिलेत, तर लय कशी वाढत गेली हे एका ओळीत कळतं. ही ओळ कुठल्याही विशेषणापेक्षा मोलाची.

शब्द उसने आणू नका

गाण्याबद्दल लिहिण्याची आपल्याकडे एक तयार भाषा आहे. सुरांची बरसात, स्वरांचं अत्तर, दैवी, समाधी. वर्तमानपत्रात ठीक. संग्राहक मंडळींत ती आली की वाचणारा पुढची ओळ शोधतो.

याउलट गवयांची स्वतःची भाषा फार नेमकी आहे. ती शिकावी, पण कानानं. मींड म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर मध्ये न तुटता जाणं. गमक म्हणजे सुराला आंदोलून, हादरा देऊन घेणं. दाणेदार तान म्हणजे मोकळ्या भातासारखी, प्रत्येक स्वर सुटा. सपाट तान सरळ वर किंवा सरळ खाली धावते. बोलतानेत शब्दांवर तान बांधलेली असते. आस, भराव, ठहराव, लाग-डाट हे शब्द जाणकार सहज टाकतात. तुम्ही त्यातला एखादा वापरण्याआधी तो एकदा तरी ध्वनिमुद्रणात बोट ठेवून दाखवता येतो का ते बघा. येत नसेल तर साधं मराठी वापरा. ‘इथे आवाज जणू पायरी चुकल्यासारखा खाली येतो आणि सावरतो’ असं एका गृहिणीनं मला सांगितलं होतं. तिला गाण्याचं शिक्षण नव्हतं. ती जागा मी वीस वर्षं ऐकत होतो, पण मला कधी ते दिसलं नव्हतं.

थोर गवई भास्करबुवा बखले १९२२ साली गेले. ग्रामोफोन येऊन तेव्हा वीस वर्षं झाली होती, तरी त्यांचा आवाज आज आपल्याला ऐकायला मिळत नाही. अल्लादिया खाँसाहेब तर १९४६ पर्यंत होते. त्यांचीही बाजारात आलेली तबकडी नाही. त्यांच्या गाण्याचं आज जे काही आपल्यापर्यंत आलंय ते शिष्यांच्या गळ्यातून आणि ऐकणाऱ्यांच्या तोंडून. त्या ऐकणाऱ्यांपैकी ‘काय गायले!’ एवढंच म्हणणाऱ्यांचा आज कुणाला उपयोग नाही. तान कुठून उचलली, समेवर कसे आले, श्रोते कधी हलले हे ज्यांनी सांगून ठेवलं त्यांच्यामुळे काहीतरी उरलं.

राग चुकेल. चुकू द्या

नव्या माणसाला सगळ्यात मोठी भीती ही, की राग चुकीचा लिहिला तर हसं होईल. भूप आणि देशकार यांचे सूर तेच पाच. मारवा, पूरिया आणि सोहनी यांचे सूर तेच सहा. मग फरक कुठे? कुठल्या सुरावर मुक्काम, कुठल्या सप्तकात वावर, कुठून कसं यायचं यात. भूपात गंधारावर वजन, देशकारात धैवतावर आणि वरच्या अंगाला. हे पुस्तकात वाचून कानाला कळत नाही. तेव्हा असं लिहा: ‘सूर भूपाचे वाटले, पण २.१५ पासून वारंवार धैवतावर थांबतात. देशकार असेल का?’ या वाक्यावर कुणी हसत नाही. कारण दिलेली चूक लोक दुरुस्त करतात. ठणकावून केलेली चूक लक्षात ठेवतात.

लेबलवरही डोळे मिटून विश्वास नको. जुन्या तबकड्यांवर रागाचं नाव चुकलेलं सापडतं, कधी नुसतं ‘ख्याल’ किंवा ‘ठुमरी’ एवढंच असतं. लेबल काय म्हणतं ते एका ओळीत, तुम्हाला काय वाटतं ते दुसऱ्या ओळीत.

गळ्याचा दोष की मशीनचा

आता माझी फजिती. एका बैठकीची कॅसेट आली होती, गायिकेचं नाव कुणालाच माहीत नव्हतं. पहिला अर्धा तास सुरेख. मग हळूहळू बाई सुरावरून चढायला लागल्या. मला तेव्हा नुकताच सूर कळू लागला होता, आणि नव्यानं कळणाऱ्याइतका कडक परीक्षक दुसरा नसतो. मी दोन पानं लिहिली: गायिकेचा दम पुरत नाही, उत्तरार्धात सूर चढतो, तयारी कमी. मिनिटं-सेकंदांसकट! पुराव्याची कमतरता नव्हती.

पोस्टकार्डवाल्या त्याच गृहस्थांना ती पानं दिली. त्यांनी वाचली, चष्मा काढला आणि विचारलं, ‘तबला कुठे लागलाय?’

‘म्हणजे?’

‘सुरुवातीला कुठे, शेवटी कुठे? आणि तंबोरा?’

घरी येऊन पेटी काढली. सुरुवातीला तबला काळी चारवर होता. चाळिसाव्या मिनिटाला पांढरी सहाच्याही थोडा वर. तंबोरा त्याच्याबरोबर. बाई त्यांच्याच सुरात नेमक्या उभ्या होत्या. वर चढत होतं ते सगळं घर. बैठक ज्यानं मुद्रित केली त्याच्या मशीनचे सेल उतरत गेले होते. फीत हळू फिरत मुद्रण झालं, आणि आपण ती नीट गतीवर वाजवली की सूर चढतो, लय वाढते. मी ‘उत्तरार्धात लय अनावर’ असंही लिहिलं होतं, ते वेगळंच.

तेव्हापासूनचा नियम: गायक बेसूर वाटला की आधी साथ ऐका. साथीसकट सगळं सरकत असेल तर दोष यंत्राचा. तंबोरा जागेवर आणि गळाच हललाय तर मग लिहा, पण मिनिट देऊन आणि एकदाच. तबकडीत सूर एका लयीत हेलकावे खात असेल, दर फेरीला एकदा, तर मधलं भोक नीट मध्यावर नाही किंवा तबकडी वाकलेली आहे. मोठ्या उस्तादांना असल्या हेलकाव्यांवरून ‘कंप’ चिकटवणारे महाभाग मी पाहिले आहेत. मीही त्यातलाच, म्हणून ओळखतो.

एक नमुना

कोरडं वाटेल, पण पहिल्या वर्षी मी अशीच टिपणं लिहीत असे:

‘खासगी बैठक. कॅसेट, एक बाजू. गायिका अज्ञात, तबला-पेटी अज्ञात. सूर काळी चार आणि पांढरी सहाच्या मध्ये, तेव्हा गती थोडी हललेली असावी. राग बागेश्री वाटतो. विलंबित एकताल, सुरुवातीचं आवर्तन ४८ सेकंद, वीस मिनिटांनी ४१. ९.१० ला मध्यमावर थांबतात, मागे कुणीतरी नुसतं ‘हं’ करतं. मला हीच जागा सगळ्यात आवडली. १४.३० च्या आवर्तनात मुखडा उशिरा उचलतात, आता सम चुकते असं वाटतं, पण पोचतात. १९ नंतरच्या ताना मला जमल्या नाहीत, ‘आ’कार मिटल्यासारखा वाटला. कदाचित माइक तबल्याला जवळ असल्यामुळे. द्रुत अर्धवट, फीत संपली. प्रश्न: २२.०५ ला पंचम घेतात तो तुम्हाला ऐकू येतो का?’

यात विशेषण जवळजवळ नाही. तरी आवडलेलं, न आवडलेलं, शंका, सगळं आहे. शेवटचा प्रश्न फार महत्त्वाचा: त्याला उत्तर द्यायला समोरच्याला ते ध्वनिमुद्रण लावावंच लागतं.

तुलना जपून

‘पलुसकरांपेक्षा अमुक जास्त विस्तार करतात’ हे वाक्य तीन मिनिटांच्या तबकडीवरून लिहू नये. तीन मिनिटांत पूर्ण राग उभा करायचा ही वेगळीच कला होती. तिथे आलाप दोन फेकींत उरकतो, ताना मोजून येतात, शेवटच्या सेकंदाला सम साधायची असते. एलपीच्या एका बाजूला वीस-बावीस मिनिटं मिळतात. किशोरीताई आमोणकरांचा एलपीवरचा भूप, ‘प्रथम सूर साधे’ आणि मग ‘सहेला रे’, त्या मापात बसवलेला आहे. ताईंची बैठकीतली गाणी त्या मापात बसत नाहीत. मैफलीत तर वेळच मोकळा.

तेव्हा तबकडीची तुलना तबकडीशी, मैफलीची मैफलीशी. याला एक अपवाद मला फार आवडतो: एकाच कलावंताचा एकच राग तबकडीवर आणि बैठकीत. तिथे काय ठेवलं, काय टाकलं हे पाहणं म्हणजे त्या माणसाच्या डोक्यात डोकावण्यासारखं आहे.

घराण्यांच्या वाटेला जाताना

हे पटकन सांगून टाकतो. संग्राहकांत किराण्याचे, जयपूरचे, आग्र्याचे, ग्वाल्हेरचे भक्त असतात आणि काहींच्या घरात हे दोन-तीन पिढ्या चालत आलेलं असतं. एक जण सुराच्या लगावासाठी ऐकतो, दुसरा तानेच्या आणि तालाच्या गुंतवणुकीसाठी, तिसऱ्याला फैयाज खाँसाहेबांच्या नोमतोमशिवाय (‘नोम’, ‘तोम’ अशा अक्षरांतल्या आलापाशिवाय) गाणं सुरूच झालेलं वाटत नाही. तिघंही खरं ऐकतात, वेगळं ऐकतात. नापसंती लिहायचीच असेल तर ‘बुवांना जमलं नाही’ असं न लिहिता ‘मला इथे ओढ वाटली नाही’ असं लिहा. पहिल्यावर वाद होतो. दुसऱ्यावर, ‘अहो, पुन्हा ऐका, आणि तबल्याकडे लक्ष द्या’ असं उत्तर येतं, आणि असं उत्तर मिळणं हे भाग्य. वडीलधाऱ्यांनी चुकीचं साल सांगितलं तर चारचौघांत दुरुस्त करू नका. दुसऱ्या दिवशी फोन करून ‘माझ्या लेबलवर वेगळं दिसतंय’ म्हणा. ते स्वतःच शोधून काढतात.

देणं-घेणं

ध्वनिमुद्रण कुणाकडून आलं ते अभिप्रायात लिहायचं की नाही, हे देणाऱ्याला विचारून. काहींना नाव आलेलं आवडतं, काहींच्या घरी त्यानंतर लोकांची रांग लागते. खासगी बैठकीची प्रत कलावंताच्या कुटुंबाकडून आली असेल तर ती पुढे द्यायची नाही, हे न सांगताही समजायचं असतं. बाजारात निघालेल्या ध्वनिमुद्रणाचा हक्क आपल्याकडे प्रसिद्धीनंतरच्या वर्षापासून साठ वर्षं राहतो. त्यापुढच्या जुन्या तबकड्यांबद्दल या बाबतीत मोकळेपणानं वावरता येतं. अलीकडच्या सीडीच्या प्रती काढून वाटत सुटणं म्हणजे छंद नव्हे.

आणि साथीदारांची नावं. जुन्या तबकड्यांवर ती बहुधा नसतातच, म्हणून आपणही विसरतो. माहीत असतील तर पहिल्या ओळीत लिहा, नसतील तर ‘अज्ञात’ लिहा. रिकामी जागा सोडली की त्या माणसानं वाजवलंच नाही असं होतं. सारंगीवर कोण होतं हे ओळखणारा कुणीतरी कुठेतरी असतो, पण प्रश्न विचारलेला असेल तरच तो बोलतो.

जमून ऐकायचं असेल तर

टिपणं लिहून हात बसला की कधीतरी तिघा-चौघांनी एकत्र बसून ऐका. जास्त माणसं नकोत. पाचवा आला की चहाची चर्चा सुरू होते. आम्ही एक तबकडी दोनदा लावतो. पहिल्यांदा कुणी बोलायचं नाही, ‘वा’ सुद्धा नाही, कारण एकानं ‘वा’ केलं की बाकीच्यांना तीच जागा ऐकू येते. मग प्रत्येकानं आपल्या कागदावर एकच जागा लिहायची आणि कागद उलटा ठेवायचा. मग कागद उघडतात. चार जणांच्या चार जागा निघाल्या तर संध्याकाळ चांगली जाणार. चौघांची एकच निघाली तर तबकडी पुन्हा लावून ती जागा सोडून बाकीचं ऐकायचं.

सुई कोण उचलणार हे आधी ठरवून ठेवा. गाणं संपल्यावर लाखेची तबकडी फिरत राहते, खर्र-खर्र होत राहतं, आणि सगळे एकमेकांकडे बघत बसतात. आमच्याकडे ते काम सगळ्यात नव्या माणसाकडे असतं. त्याला उठावं लागतं, म्हणून तो शेवटपर्यंत ऐकतो.